बुडाचा रंग

कोकण किनाऱ्यावर मासेमारीबंदी १ जूनला लागते आणि ३१ जुलैला उठते. सातपाटीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या यांत्रिक नौका या ६१ दिवसांत मासेमारीला जात नाहीत. उधाणाची भरती साधून त्या वर ओढायच्या, झावळ्यांनी नाहीतर ताडपत्रीने शाकारायच्या आणि मग इंजिन, फळ्या, जाळी अशी एकेक कामं काढायची. बुडाला रंग द्यायची वेळ येते सगळ्यांत शेवटी. जुलै सरता सरता हर्णे, मिरकरवाडा, मालवण, कुठेही जा. दोन सरींमधल्या उघडिपीत बुडं रंगवायची घाई चाललेली असते. रोलर फिरत असतो आणि खाडीच्या तोंडाशी पुढची सर दिसत असते.

आता त्याच रंगाचं माहितीपत्रक वाचून पाहावं. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंग लावू नये. ज्यावर लावायचा तो पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सिअसने गरम असावा. दोन हातांमध्ये ठरलेले तास जाऊ द्यावेत आणि पहिला हात ओला असताना पाणी लागू देऊ नये. कोकणातला जुलै यातली एकही अट पाळायला बांधील नाही. बोट रंगवायला मोकळी असते ते दोन महिने आणि रंगकामाला सर्वांत वाईट असे दोन महिने आपल्याकडे एकच आहेत. थंड देशांतल्या पुस्तकांत सल्ला असतो की हिवाळ्यात बोट बाहेर काढा, वसंतात रंगवा आणि उन्हाळाभर फिरवा. तो सल्ला इथे कामाचा नाही. रंगाची निवडही तिथली उचलून चालत नाही, कारण आपलं पाणी वेगळं, आपल्या बोटींचा दिनक्रम वेगळा आणि आपला चिखलही वेगळा.

बसणारे कोण

पाण्यात नवं लाकूड, लोखंड किंवा फायबर उतरलं की काही मिनिटांतच त्यावर सेंद्रिय पदार्थांचा डोळ्यांना न दिसणारा थर चढतो. काही तासांत जिवाणू येतात. एकदोन दिवसांत डायअ‍ॅटमसारखे सूक्ष्म जीव येऊन हाताला बुळबुळीत लागणारी साय धरते. त्यामागून हिरवं शेवाळ, बार्नॅकल, चुन्याच्या नळीत राहणारे किडे, शिंपले, कालवं. थंड समुद्रात हिवाळा ही गर्दी रोखून धरतो. मुंबई-गोव्याच्या समुद्राचं पाणी मात्र वर्षभर साधारण २४ ते ३० अंशांच्या आत राहतं, त्यामुळे बसणाऱ्यांना सुट्टीच नाही. खंड पडतो तो पावसाळ्यात, आणि तोही खाड्यांपुरता. मांडवी-जुवारीसारख्या नद्यांच्या मुखांत पुराचं गोडं पाणी उतरलं की खाऱ्या पाण्यातले बरेच जीव मरतात. पाऊस ओसरून खारटपणा परतला की बसणाऱ्यांची नवी लाट सुरू होते. नेमक्या याच सुमारास आपल्या बोटी नव्या हंगामाला लागलेल्या असतात.

या गर्दीत बोटीला सर्वांत महाग पडतो बार्नॅकल. वरून पाहता शिंपल्याचा भाऊ वाटतो, पण कूळ कोळंबी-खेकड्यांचं. चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं या प्राण्याच्या अभ्यासात घालवली होती. त्याची अळी पाण्यात सहा अवस्था तरंगत काढते. सातवी अवस्था सायप्रिड नावाची. ती काही खात नाही. अंगातल्या चरबीवर जगते आणि तेवढ्या मुदतीत तिला कायमची जागा शोधायची असते. दोन स्पर्शिकांनी पृष्ठभाग चाचपत ती अक्षरशः चालते. जागा पसंत पडली की डोक्याच्या बाजूने चिकट द्रव सोडून स्वतःला डकवून घेते आणि भोवती चुन्याची भिंत बांधते. आधी कुणी बार्नॅकल तिथे बसलेला असेल तर त्याच्या अंगच्या प्रथिनांवरून तिला तो कळतो, आणि ती त्याच्याच शेजारी बसायला बघते.

रंग कसा निवडायचा याची निम्मी उत्तरं या अळीच्या स्वभावात सापडतात. बुडाचा रंग बार्नॅकलला मारून पाडत नाही. सायप्रिड चाचपायला येते त्या घटकेला तिला परतवतो. एकदा भिंत उभी राहिली की वरून कितीही भारी रंग असो, उपयोग नाही. एक कोपरा रंगवायचा राहिला तर तिथे बसलेले चार जण चाळीस जणांना बोलावतात. आणि अळीला बसायला शांत पाणी लागतं, म्हणून बोट धावत असताना तिला फार भय नसतं. धोका असतो तो बोट जेटीला उभी असताना.

नुकसान किती होतं याचे आकडे आहेत. अमेरिकी नौदलाच्या एका फ्रिगेटचा आधार घेऊन मायकेल शुल्ट्झ यांनी केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. १५ नॉटचा वेग टिकवायला नुसत्या पातळ बुळबुळीमुळे सुमारे ११ टक्के जास्त ताकद लागते, जाड बुळबुळीला २१ टक्के, आणि चुन्याच्या कवचांचा जाड थर बसला तर ८६ टक्के, असा त्यांचा हिशेब होता. मासेमारी नौकेचं बूड आणि फ्रिगेटचं बूड एक नव्हे, तेव्हा आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण वाढीव ताकद डिझेलमधूनच येते, आणि डिझेलच्या परताव्यासाठी वाट पाहणाऱ्या नाखव्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

लाकडी बोटीचा प्रश्न वेगाच्याही पलीकडचा आहे. टेरेडो हा जहाज पोखरणारा जीव किडा म्हणून ओळखला जातो, प्रत्यक्षात तो शिंपल्यांच्या कुळातला. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतो, आतच वाढतो आणि पोटातल्या जिवाणूंच्या मदतीने लाकूड पचवतो. बाहेरून फळी धड दिसते, आतून चाळण झालेली असते. त्यामुळे लाकडी बुडाला रंग हवा तो आधी जीव वाचवायला. वेगाचा विचार त्यानंतर.

झिजतं तेच तांबं

रंगाचे डबे नव्हते तेव्हाही बुडं राखावीच लागत. भारतीय किनाऱ्यांवर चुना आणि तेल मळून केलेला लेप, राळ, माशाचं तेल, काजूच्या टरफलांचं तेल असे उपाय चालत आले. बोट वर ओढून वाळवणं हा त्यांतला सर्वांत स्वस्त. पाणी न मिळाल्याने बसलेले जीव मरतात आणि पट्टीने खरवडून निघतात. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीत मराठा आरमाराची गोदी आहे. भरतीला जहाज आत घ्यायचं आणि पाणी उतरलं की बूड मोकळं मिळायचं, हे तिथलं तंत्र.

युरोपी नौदलांनी बुडाला तांब्याचा पत्रा मारायला घेतला. ब्रिटिश नौदलाने १७६१ साली ‘अलार्म’ या फ्रिगेटवर त्याचा प्रयोग केला. वेस्ट इंडीजच्या उबदार पाण्यातून ती परतली तेव्हा पत्र्याखालचं लाकूड शाबूत होतं, मात्र तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे गंजून गेले होते. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना भिडले की त्यांच्यात विद्युतप्रवाह सुरू होतो आणि त्यातला एक खाल्ला जातो, हा धडा तिथे मिळाला. खिळ्यांचा प्रश्न सोडवत १७७९ पासून सगळ्या ताफ्याला पत्रे मारायला सुरुवात झाली. मुंबई गोदीत वाडिया घराण्याने सागवानात बांधलेली जहाजं याच पत्र्यांच्या जमान्यातली. त्यांतली १८१७ सालची ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाहायला मिळते.

पुढचा धडा सर हम्फ्री डेव्ही यांच्या वाट्याला आला. तांब्याचा पत्रा झिजतो आणि नौदलाचा पैसा पाण्यात जातो, हे थांबवायला त्यांनी १८२४ साली पत्र्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. विज्ञान अचूक होतं. जस्त-लोखंड झिजू लागलं आणि तांबं सुरक्षित राहिलं. पण त्या सुरक्षित तांब्यावर शेवाळ आणि बार्नॅकल यांची रानं माजली. जहाजं मंदावली आणि नौदलाने योजना गुंडाळली. तांबं विरघळत होतं म्हणूनच बूड साफ राहत होतं. विरघळणं थांबलं तसं त्याचं कामही थांबलं.

दोनशे वर्षांनंतरही बुडाच्या रंगाचं मर्म एवढंच आहे. आपण विकत घेतो ती झीज. दिवसाला किती झीज, किती महिने, आणि कोणत्या पाण्यात, हेच काय ते ठरवायचं. बार्नॅकलला रोखायला तांबं साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरमागे दिवसाला १० मायक्रोग्रॅम या दराने सुटत राहावं लागतं. दर त्याखाली गेला की अळ्या बसतात. दर फार वर गेला तर बूड साफ राहतं, पण दोन वर्षांचा रंग आठ महिन्यांत संपतो, आणि उरलेलं तांबं विनाकारण खाडीत गेलेलं असतं.

डब्यात काय असतं

बहुतेक रंगांत मुख्य विष असतं क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याची लालसर भुकटी. बुडं लाल दिसतात त्याचं मूळ कारण तेच. पण लोखंडाचा ऑक्साइडही लालच असतो आणि त्याचा साधा रंग पुष्कळ स्वस्त मिळतो. तो लावलेली बोट पहिल्या दिवशी हुबेहूब तशीच दिसते, दुसऱ्या महिन्यात मात्र नाही. डबा उचलून पाहिला तरी थोडा अंदाज येतो. तांब्याच्या रंगाचा एक लिटर साधारण दीड ते दोन किलो भरतो, साधा इनॅमल त्याहून बराच हलका. ही भुकटी तळाशी बसते, म्हणून डबा खालपर्यंत ढवळल्याशिवाय वापरला तर पहिल्या बोटीला नुसतं तेल लागतं आणि शेवटच्या बोटीला सगळं तांबं.

शेवाळाच्या काही जाती आणि काही डायअ‍ॅटम तांब्याला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी रंगात जोडीचं विष घालतात, उदाहरणार्थ झिंक पायरिथिऑन, कॉपर पायरिथिऑन किंवा डीसीओआयटी. अलीकडे मेडेटोमिडीन नावाचं द्रव्यही वापरात आलं आहे. ते सायप्रिडला मारत नाही, तिला पोहतं ठेवतं, बसू देत नाही.

विषाइतकंच महत्त्व ते धरून ठेवणाऱ्या राळेला आहे, कारण झिजेचा दर राळ ठरवते. पहिला प्रकार कडक रंगाचा. त्यातली राळ जागच्या जागी राहते, फक्त तांबं पाझरून बाहेर जातं. घासणं, खरवडणं, चिखलात टेकणं हा रंग सोसतो. पण पाझरण्याचा दर पहिल्या महिन्यांत जास्त असतो आणि पुढे उतरत जातो. तांबं संपल्यावर पोकळ थर मागे राहतो, आणि दरवर्षी नवे हात चढवत गेलं की शेवटी सगळ्याचे मिळून पोपडे निघतात. बऱ्याच कडक रंगांना पाण्याबाहेर फार काळ राहणंही मानवत नाही. दुसरा प्रकार मऊ, झिजणारा. पाइनच्या झाडापासून मिळणारी राळ समुद्राच्या किंचित अल्कधर्मी पाण्यात हळूहळू विरघळते आणि तिच्यासोबत तांबं सुटतं. स्वस्त आणि सोपा, पण झिजेवर नेमका ताबा नाही. तिसरा स्वतःला घोटत जाणारा कोपॉलिमर. याच्या रेणूंचा पाण्याशी ठरावीक वेगाने विच्छेद होतो आणि साबणाच्या वडीसारखा थर सारखा उतरत जाऊन रोज ताजा पृष्ठभाग वर येतो. किंमत जास्त, दर सर्वांत सम. बोट चालती असेल तर हाच उत्तम. चौथ्या प्रकारात बहुधा विषच नसतं. तो सिलिकोनचा गुळगुळीत लेप असतो. जीव बसतात, पण पकड येत नाही आणि बोट वेगात गेली की सुटून पडतात. जलद आणि सतत चालणाऱ्या जहाजांना तो शोभतो. उभ्या राहणाऱ्या बोटीला किंवा चिखलात टेकणाऱ्या बुडाला तो घेणं म्हणजे पैसे वाया.

आपली बोट कशी जगते

दुकानात पहिला प्रश्न येतो तो ‘तांबं किती टक्के?’ त्याआधी विचारायला हवा तो प्रश्न बोटीबद्दलचा: महिन्यातले किती दिवस ती चालते, किती दिवस उभी असते, आणि उभी असते ती कुठे?

वाळूवर रोज ओढून ठेवायच्या होडीला हा रंग नकोच. सिंधुदुर्गातल्या रापणीच्या होड्या काम संपलं की वर येतात, ऊन खातात. त्यांच्या बुडाला चिकटायला कुणाला सवड मिळत नाही. तिथे तांब्याचा डबा घेणं ही उधळपट्टी, शिवाय तो रंग रोज वाळूत घासून किनाऱ्यावरच उतरणार.

खोल समुद्रात जाणाऱ्या ट्रॉलरचा किंवा पर्ससीन नौकेचा प्रश्न दुहेरी आहे. हंगाम चालू असताना ती भरपूर धावते, म्हणजे कोपॉलिमरचा फायदा उठवू शकते. पण मुंबईच्या आसपास मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या घरात जातो आणि खाडीतल्या कितीतरी जागी ओहोटीला बोट गाळात टेकते. कण्यावर आणि बुडाच्या फुगीर भागावर मऊ रंग टिकत नाही. गाळच तो घासून काढतो. अशा बोटीला सगळीकडे एकच रंग लावायचा आग्रह धरू नये. टेकणाऱ्या भागावर कडक रंग आणि बाकी अंगावर झिजणारा अशी विभागणी करता येते, मात्र दोन्ही रंग एकमेकांना मानवतात की नाही ते माहितीपत्रकात आधी पाहून. कडक रंगावर मऊ रंग सहसा धरतो. मऊ रंगावर कडक चढवला तर खालचा थर सरकतो आणि वरचा तडकतो.

गेटवे–मांडवा मार्गावरची प्रवासी बोट म्हणजे कोपॉलिमरसाठी आदर्श गिऱ्हाईक. हंगामात रोज फेऱ्या, वेग ठरलेला, पावसाळ्यात सेवा बंद. हिच्या बाबतीत महागडा रंग डिझेलमधून पैसे परत देतो.

याच्या उलट गेटवेसमोर किंवा मांडवीत नांगरून ठेवलेली हौशी शिडाची नौका. ती रविवारी दोन तास फिरते आणि बाकीचा आठवडा कोमट, गढूळ पाण्यात उभी असते. उष्ण कटिबंधात बुडाच्या रंगाची सर्वांत कठीण परीक्षा हीच. वेगावर विसंबणारे रंग इथे नापास होतात. उभ्या बोटीसाठी म्हणून बनवलेला, तांबं भरपूर असलेला, जोडीच्या विषाचा झिजणारा रंग घ्यावा आणि दर काही आठवड्यांनी पाण्यात उतरून मऊ फडक्याने बुळबुळ पुसावी. ताठ ब्रशने घासलं तर बुळबुळीबरोबर रंगही जातो.

लांबच्या सागरी सफरीचा मामला आणखी निराळा. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली नौदलाची ‘म्हादेई’ २००९ साली पाण्यात उतरली. दिलीप दोंदे यांनी तिच्यातून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता. अशा सफरीत खाडीतला बार्नॅकल मागे राहतो आणि देठावर लोंबणारा हंसमानी बार्नॅकल भेटतो. तो भर समुद्रातला, तरंगत्या वस्तूंवर बसणारा. शिडाच्या संथ नौकेला तो धावतानाही सोडत नाही. टॉमी ज्या २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरे आले, तिच्यात काही स्पर्धकांना बार्नॅकल काढण्यासाठी बोट बंदरात नेऊन बाहेर घ्यावी लागली आणि ते मुख्य स्पर्धेतून बाद झाले. खाडीत जिंकणारा रंग महासागरात जिंकेलच असं नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या बोटींसाठी एक नियम पाठच असावा. क्युप्रस ऑक्साइडचा रंग त्यांना लावू नये. ‘अलार्म’च्या खिळ्यांचं जे झालं तेच बुडाच्या पत्र्याचं होईल. कॉपर थायोसायनेटचा, किंवा तांबं अजिबात नसलेला, अ‍ॅल्युमिनियमला चालतो असं स्पष्ट लिहिलेलाच रंग घ्यावा. पोलादी बुडालाही आधी इपॉक्सीचा अखंड थर हवा आणि जस्ताचे तुकडे कधीही रंगवू नयेत. रंगवलेलं जस्त काम करत नाही.

कथिलाची तीस वर्षं

कोपॉलिमरचा शोध लागला तो तांब्यासाठी नव्हे, ट्रायब्युटिलटिन या कथिलाच्या संयुगासाठी. १९७० च्या दशकात हे रंग बाजारात आले आणि जहाजमालक खूश झाले. एकदा रंगवलं की पाच वर्षं बूड साफ. त्याच दशकाच्या अखेरीस फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात कालवांची शेती कोलमडू लागली. पिल्लं जगेनात, मोठ्यांची कवचं जाड आणि वेडीवाकडी होऊ लागली. उपसागरात नांगरलेल्या हौशी बोटींच्या बुडांपर्यंत माग निघाला. फ्रान्सने १९८२ साली लहान बोटींवर कथिलाच्या रंगाला बंदी घातली. पुढे कळलं की एका लिटर पाण्यात एखादा नॅनोग्रॅम असला तरी समुद्री गोगलगाईंच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटतात आणि त्यांची वीण थांबते. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना आपल्या किनाऱ्यावरच्या गोगलगाईंतही हा विकार आढळला.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली करार केला, तो २००८ मध्ये अमलात आला. भारताने २०१४ साली व्यापारी नौवहन कायद्यात दुरुस्ती करून अशा घातक रंगांवर नियंत्रण आणलं. सायब्युट्रिन नावाचं शेवाळनाशकही २०२३ पासून या यादीत आलं. हा इतिहास आठवायचा तो एवढ्यासाठी की कथिलाचा रंग वाईट नव्हता. कामात अतिशय चोख होता. नुकसान त्या चोखपणातूनच झालं.

तांब्याचाही हिशेब मांडून पाहू. पाण्यातली लांबी ११ मीटर, रुंदी साडेतीन आणि बुडी १.२ मीटर अशी मध्यम मासेमारी नौका धरली, तर पाण्याखालचं क्षेत्रफळ ठोकळमानाने ५२ चौरस मीटर येतं. दिवसाला १० मायक्रोग्रॅम या किमान दराने रोज ५ ग्रॅमच्या वर तांबं सुटतं. दहा महिन्यांच्या हंगामात दीड किलो. शंभर नौकांच्या बंदरात दीडशे किलो, खरवडलेले पोपडे निराळे. त्याच खाडीत ओहोटीला बायका कालवं आणि तिसऱ्या काढतात, आणि कालव तांबं व जस्त अंगात साठवण्यात पटाईत असतं. बुडावर नको असलेला हा जीव ताटात हवाच असतो. म्हणून गरजेपेक्षा जास्त तांब्याचा रंग घेणं हा शेजाऱ्याच्या चुलीत ढवळाढवळ करण्याचा प्रकार आहे.

रंगच लावायचा नाही, हाही उपाय नाही. मध्य अमेरिकेकडचा पट्टेदार काळा शिंपला १९६० च्या दशकात विशाखापट्टणमच्या बंदरात सापडला, नंतर मुंबईतही. असे पाहुणे जहाजांच्या अस्वच्छ बुडांना चिकटून प्रवास करतात. हाच शिंपला १९९९ साली ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या गोद्यांमध्ये दिसला, तेव्हा तिथल्या सरकारने गोद्या बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं. एका शिंपल्यासाठी गोदीतलं सगळं जीवन मारावं लागलं. रंग कमी पडला तर असे पाहुणे येतात, जास्त झाला तर कालवं दूषित होतात, आणि निवड या दोन्हींच्या मधली करायची असते.

जूनचे पहिले दहा दिवस

पहिल्या अडचणीकडे परत येऊ. बंदी १ जूनला लागते आणि मुंबईत मान्सून दाखल होण्याची सरासरी तारीख ११ जून आहे. दक्षिण कोकणात तो काही दिवस आधी येतो. म्हणजे बोट वर आल्यावर हवा कोरडी असलेले पाच-दहा दिवस बहुतेक वर्षी मिळतात, आणि ते आपण बहुधा दुसऱ्याच कामांत घालवतो. क्रम उलटा करून बघण्यासारखा आहे. बोट वर येताच, बूड ओलं असतानाच गोड्या पाण्याने धुऊन खरवडायचं. वाळलेला बार्नॅकल दुप्पट मेहनत घेतो. लाकूड ओलं असेल तर त्याला वाळू द्यावंच लागतं, पण फायबरच्या आणि फायबर मढवलेल्या बुडांना ही मुदत पुरते. प्रायमर आणि रंग पावसाआधी उरकायचा, मग ताडपत्री. यासाठी पाण्याबाहेर दोन महिने राहिला तरी न बिघडणारा रंग हवा. झिजणारे आणि कोपॉलिमर प्रकारातले बरेच रंग हे सोसतात. रंगवल्यापासून पाण्यात उतरवेपर्यंतची कमाल मुदत माहितीपत्रकात छापलेली असते, आणि आपल्या किनाऱ्यावर रंग निवडताना तांब्याच्या टक्क्याआधी वाचायची ओळ तीच आहे.

किती रंग लागेल याचंही गणित सोपं आहे. डब्यावर घन भागाची टक्केवारी असते. तिला दहाने गुणून थराच्या मायक्रॉनमधल्या जाडीने भागलं की एका लिटरमध्ये किती चौरस मीटर होईल ते कळतं. ५० टक्के घन भाग आणि १०० मायक्रॉनचा थर म्हणजे लिटरला ५ चौरस मीटर. वरच्या नौकेला एका हाताला साडेदहा लिटर, सांडलवंड धरून तेरा, दोन हातांना सव्वीस. वीस लिटरच्या डब्यात थिनर घालून दोन हात बसवले की थर पातळ होतो, आणि मार्चमध्ये रंग संपला की दोष कंपनीला जातो. पाण्याची रेषा, नाळ, सुकाणू आणि कण्याची धार इथे एक हात जास्त द्यावा, झीज तिथे सर्वाधिक. दोन हात दोन वेगळ्या छटांचे दिले तर खालची छटा दिसू लागली की रंग संपत आल्याचं कळतं.

जुना रंग कोरडा घासू नये. ती धूळ म्हणजे तांब्याचं विष, आणि बूड फार जुनं असेल तर खाली कथिलाचे थरही असू शकतात. ओलं करून घासावं, नाकाला नीट मास्क असावा, खाली ताडपत्री असावी आणि पोपडे गोळा करावेत. आज बहुतेक ठिकाणी ते पहिल्या उधाणासरशी खाडीत जातात.

जेटीला टांगलेल्या पट्ट्या

एवढं सगळं वाचूनही अमुक खाडीत तमुक रंग चालेल असं कुणी लांबून सांगू शकत नाही. खारटपणा, गाळ, प्रवाह, सांडपाणी दर बंदराला वेगळं असतं. ते जाणून घ्यायची रीत मात्र फार स्वस्त आहे, आणि रंगांच्या प्रयोगशाळाही तिच्यावरच भिस्त ठेवतात. वीतभर लांबीच्या फायबरच्या पट्ट्या घ्यायच्या, त्यांना वेगवेगळे रंग द्यायचे, एक पट्टी कोरी ठेवायची आणि ऑक्टोबरमध्ये तरंगत्या जेटीखाली मीटरभर खोल टांगायच्या. दर महिन्याला वर काढून फोटो घ्यायचा आणि परत सोडायच्या. उभ्या पाण्यातली परीक्षा सर्वांत कडक, त्यामुळे तिथे मे महिन्यापर्यंत साफ राहिलेला रंग आपल्या बोटीला पुरेसा ठरेल. दोन पट्ट्या सारख्याच साफ राहिल्या तर ज्यात तांबं कमी तो घ्यावा.

हे काम एकट्या नाखव्याने करण्यापेक्षा मच्छीमार सहकारी संस्थांनी करावं. डिझेल त्या एकत्र घेतात, तसा रंगही घेता येईल, आणि शंभर बोटींची मागणी हातात असली की विक्रेत्याला विचारता येईल की झिजेचा दर किती, पाण्याबाहेर किती महिने टिकेल, जोडीचं विष कोणतं. या प्रश्नांची लेखी उत्तरं देऊ न शकणारा डबा लाल असला तरी घेऊ नये. पाचसात हंगामांची अशी नोंदवही संस्थेच्या कपाटात जमली, तर कोकणातल्या प्रत्येक खाडीजवळ स्वतःचं माहितीपत्रक असेल, आणि त्यात जुलैतल्या पावसाचाही हिशेब असेल.